बोअरमधून आपोआप पाणी: मोहनगडला उसळलं, मीरा-भाईंदरला का नाही?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस राजस्थानातल्या जैसलमेर जिल्ह्यात, मोहनगड परिसरात एका शेतात बोअर मारताना जमिनीतून पाण्याचा लोट उसळला. बोअरचं मशीन ट्रकसकट खड्ड्यात गडप झालं, आजूबाजूची शेतं पाण्याखाली गेली आणि दोनेक दिवसांनी पाणी आपोआप थांबलं. व्हिडिओ देशभर फिरला. लुप्त सरस्वती नदी प्रकट झाली, असंही कुणी म्हणालं. भूजलाच्या जाणकारांनी मात्र हा आर्टेशियन विहिरीचा प्रकार असल्याचं सांगितलं.

अशा वेळी टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाच्या मनात एकच प्रश्न येतो. आपल्याकडे असं का होत नाही? मीरा-भाईंदरमध्ये तर तो यायलाच हवा. वर्षानुवर्षे एक दिवसाआड नळ, सोसायटीचा बोअर आणि टँकरचं बिल यांवर या शहराने दिवस काढले आहेत.

आर्टेशियन विहीर म्हणजे जादू नव्हे. गावातली उंचावरची टाकी आठवा. टाकी टेकाडावर असते, पाइप बंद असतो, म्हणून खालच्या आळीत तोटी उघडली की पाणी जोरात येतं. जमिनीखालीही तसंच घडतं. वाळूचा किंवा सच्छिद्र खडकाचा थर उंच भागात उघडा पडलेला असतो. तिथे पाऊस मुरतो आणि थराच्या उतारावरून खाली सरकतो. वर-खाली चिकणमातीचे किंवा घट्ट दगडाचे थर असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, दाब साठतो. बोअरने वरचं झाकण फोडलं की पाणी उसळी मारतं. जिथे पाणी मुरलं ती जागा बोअरच्या तोंडापेक्षा पुरेशी उंच असेल, तर मोटारीशिवाय जमिनीवर येतं. नसेल तर बोअरमध्येच काही फूट वर चढून थांबतं. नाव पडलं ते फ्रान्समधल्या आर्त्वा प्रांतावरून. पॅरिसमध्ये 1841 साली ग्रेनेल इथे सुमारे 548 मीटर खोल गेल्यावर असंच पाणी लागलं होतं.

फुकट दिसणारं हे पाणी संपतही जातं. ऑस्ट्रेलियातला आर्टेशियन पट्टा त्या खंडाच्या जवळपास एक-पंचमांश भूभागाखाली पसरलेला आहे. तिथल्या पशुपालकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बोअर घेतले आणि ते रात्रंदिवस उघडे ठेवून पाणी मातीच्या चरांतून सोडलं. बरंच पाणी वाटेतच जिरलं, बाष्प होऊन गेलं. दाब उतरला, काही बोअर वाहायचे थांबले. शेवटी सरकारला पैसे देऊन बोअरला झडपा बसवाव्या लागल्या.

आता आपल्याकडचं बघू. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पत्थराचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यात मैलोन्‌मैल पसरलेला वाळूचा थर नाही. पाणी असतं ते भेगांत, मुरमात आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. तिथे थोडाफार दाब मिळतो, म्हणून कधी दीडशे फुटांवर लागलेलं पाणी तीस फुटांपर्यंत वर येतं. ‘जिवंत झरा लागला’ म्हणतात तो हाच. चांगल्या पावसाळ्यात एखादा बोअर आपोआप वाहू लागतो, गावात नारळ फुटतो, पाणाड्याचा भाव वाढतो. पण साठा छोटा, म्हणून खेळही छोटा. आपल्या भागात दाबाचं पाणी रोज पाहायचं असेल तर वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची किंवा सातिवलीची गरम पाण्याची कुंडं आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि मोटारीशिवाय वर येतं.

मीरा-भाईंदरची अडचण याहून मोठी आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, मधे मिठागरं. अशा जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलशास्त्रातला ठोकताळा सांगतो, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल, तर गोडं पाणी सुमारे चाळीस मीटर खोल मिळतं. म्हणजे उपसा करून पातळी एक मीटर उतरवली, की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकतं. इथे आणखी खोल जाणं म्हणजे मचूळ पाणी ओढून आणणं. खाडीपलीकडच्या वसईने हे आधीच अनुभवलं आहे. तिथे विहिरींतून टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं होतं.

म्हणून शहराची नजर सूर्या प्रादेशिक योजनेकडे लागली. एमएमआरडीएच्या या 403 दशलक्ष लिटरच्या योजनेत रोज 185 दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि 218 दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला मिळायचं आहे. कवडासच्या बंधाऱ्यातून पाणी उचलायचं, सूर्यानगरला शुद्ध करायचं आणि मग बंद जलवाहिनीतून, मेंढवणखिंड व तुंगारेश्वरच्या बोगद्यांतून, खाडीखालून चेण्यापर्यंत आणायचं. शुद्धीकरणानंतरचा हा प्रवास मुख्यतः उताराच्या जोरावर होतो. नीट पाहिलं तर ही माणसाने बांधलेली आर्टेशियन विहीरच आहे. वसई-विरारला पाणी आधी मिळालं, मीरा-भाईंदरचा टप्पा लांबत राहिला.

पण टाकी कुणाच्या टेकाडावर आहे? सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण मुळात आखलं गेलं ते सिंचनासाठी, डहाणू, विक्रमगड, पालघर तालुक्यांच्या शेतीला डोळ्यांपुढे ठेवून. पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासी संघटनांनी विरोध केला तो याच कारणाने. शेजारच्या जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात तिथे टँकर फिरतो. शहराच्या गरजेला खोटं ठरवता येत नाही, आठ लाखांहून जास्त लोकसंख्या तर 2011 च्या जनगणनेतच होती. पण मोठमोठ्या गच्च्यांवरचं पावसाचं पाणी गटारातून खाडीत सोडून 218 चा आकडा मागणं वरच्या गावांना पटवणं कठीण आहे. पाऊस मुरवला तर बोअरचं पाणी निदान फ्लश, गाड्या आणि बागांसाठी टिकेल, खारंही उशिरा होईल.

खरी ओढाताण रब्बी आणि उन्हाळी पिकांच्या आवर्तनावेळी दिसते. भातशेती आणि भाजीपाल्याला कालव्याचं पाणी लागतं तेच महिने शहराच्या टंचाईचे. ज्या वर्षी धरण पुरतं भरणार नाही, त्या वर्षी आधी कपात कुणाची, कालव्याची की जलवाहिनीची, हे लेखी आणि पाऊस सुरू होण्यापूर्वीच जाहीर व्हायला हवं. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेतकऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा.