'नवोदित' कुणाला म्हणायचं?

माझी धाकटी मावसबहीण इंग्लंडमध्ये राहून अमेरिकेच्या विसाव्या शतकाच्या इतिहासावर पीएच.डी. करते. गेल्या खेपेला ती घरी आली तेव्हा तिने मला एका परिषदेचं पत्रक दाखवलं. विषय होता आधुनिक अमेरिकेचा इतिहास. दोन दिवस परिषद आणि तिसऱ्या दिवशी 'नवोदित अभ्यासकांसाठी कार्यशाळा'. प्रबंधाचं पुस्तक कसं करावं, नियतकालिकाकडे निबंध कसा पाठवावा, नोकरीच्या मुलाखतीत काय बोलावं, ओळखी कशा वाढवाव्यात, असा तिचा कार्यक्रम. नवोदित म्हणजे कोण, हेही छापलं होतं: पीएच.डी. मिळून पाच वर्षं झालेली नसावीत. लहान मूल बरोबर आणलं तर काय सोय होईल, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती.

"मग विचारायचंस ना," मी म्हटलं.

"ताई, विचारलं की त्यांना वाटणार, हिला अभ्यासाचं गांभीर्य नाही."

तिने विचारलं नाही. सव्वा वर्षाच्या लेकीला मैत्रिणीकडे ठेवून ती गेली, निबंध वाचला आणि संध्याकाळच्या जेवणाला न थांबता परत आली. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की पुढच्या वर्षीच्या एका संपादित ग्रंथात कोण लिहिणार, हे त्या जेवणातच ठरून गेलं होतं.

मैत्रिणींनो, यात नवल काहीच नाही. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या विषयाची ती परिषद होती, त्याच विषयात, त्याच जेवणावरून बायका एकदा भांडलेल्या आहेत. आणि ते भांडण कार्यशाळेत कुणी शिकवत नाही.

अमेरिकेतल्या इतिहासकारांची मुख्य संघटना 1884 साली स्थापन झाली. बायकांना सभासद होता येत होतं. वर्गणी घ्यायला कुणाचीच हरकत नसते! पण खरे निर्णय व्हायचे ते पुरुषांच्या खासगी बैठकांत. शनिवार-रविवार कुठेतरी गावाबाहेर जमायचं, सिगार ओढायचे, गप्पा मारायच्या आणि त्या गप्पांतच कुणाचा विद्यार्थी कुठल्या कॉलेजात चिकटवायचा ते ठरवायचं. त्या बैठकांचं आमंत्रण बायकांना नसे. अखेर 1930 साली ईशान्य अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयांत शिकवणाऱ्या काही प्राध्यापिकांनी आपली वेगळी बैठक सुरू केली. पुढे तिला बर्कशायरच्या डोंगराळ भागाचं नाव मिळालं. त्या डोंगरात फिरायच्या, एकत्र जेवायच्या आणि अभ्यासाविषयी बोलायच्या. पुरुषांनी आत घ्यावं म्हणून त्या दाराशी ताटकळत बसल्या नाहीत.

मुख्य संघटनेला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली 1943 मध्ये: नेली नीलसन. दुसरी, नताली डेव्हिस, 1987 मध्ये. मधली चव्वेचाळीस वर्षं काय लायक बाई जन्मालाच आली नव्हती?

नोकऱ्यांचंही तेच. जागा निघाली की इकडच्या प्राध्यापकाने तिकडच्या मित्राला फोन करायचा, "तुझ्याकडे कुणी चांगला मुलगा आहे का?" मुलगाच! परिषदेत मुलाखती व्हायच्या त्या कितीदा हॉटेलच्या खोलीत, आणि उमेदवार पलंगाच्या काठावर. त्या खोलीत एकट्या बाईला काय वाटत असेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

1969 च्या डिसेंबरात स्त्री इतिहासकारांनी आपली समन्वय समिती स्थापन केली आणि मुख्य संघटनेला जाब विचारला. मग विली ली रोज यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमावी लागली. तिचा अहवाल 1970 साली आला. नामवंत विद्यापीठांच्या इतिहास विभागांत बायका जवळजवळ नाहीतच, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. जागांची उघड जाहिरात झालीच पाहिजे ही मागणी त्याच लढ्यातली. आज कार्यशाळेत 'जाहिरात कशी वाचावी' हे शिकवतात. जाहिरात मुळात निघू लागली कशी, हे कोण सांगणार?

1973 मध्ये डग्लस कॉलेजात बर्कशायरच्या बायकांनी स्त्रियांच्या इतिहासावर पहिली मोठी परिषद भरवली. शंभरेक जणी येतील असा अंदाज होता. आल्या त्याच्या तिप्पट.

आता 'पाच वर्षं झालेली नसावीत' या अटीकडे येते. गर्डा लर्नर व्हिएन्नात जन्मली 1920 साली. अठराव्या वर्षी नाझींच्या तुरुंगात जाऊन आली आणि 1939 मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत पोचली. तिथे हॉटेलात वाढपी होती, दुकानात विक्रेती होती, क्ष-किरण तंत्रज्ञ होती. लग्न, दोन मुलं, बायकांच्या संघटनांचं काम, हे सगळं झाल्यावर ती कॉलेजात गेली. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. तिला मिळाली तेव्हा तिचं वय होतं सेहेचाळीस. अमेरिकन स्त्रियांचा इतिहास हा विद्यापीठात शिकवायचा विषय करण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. 1972 मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात स्त्रियांच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिने उभा केला. 'नवोदित' या शब्दामागे जो पंचविशी-तिशीतला, पाठीमागे कुणी नसलेला तरुण उभा असतो, त्यात ही बाई कुठे बसते? पदवीनंतरची पाच वर्षं तिने पकडलीही असती. पण मधे दोन बाळंतपणं आणि सासूचं आजारपण आलेल्या बाईची पाच वर्षं कुठल्या पंचांगाने मोजायची?

याच लर्नरने कार्यशाळा कशी असते तेही दाखवून दिलं होतं. 1979 च्या उन्हाळ्यात सारा लॉरेन्समध्ये तिने देशभरातल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांना बोलावलं. प्राध्यापिका व्हायला निघालेल्या मुली नव्हेत, तर संघटना चालवणाऱ्या बायका. त्या इतिहास शिकल्या आणि तो गावोगाव नेण्याचं ठरवून उठल्या. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा जिल्ह्यातल्या शाळांमधून 'स्त्री-इतिहास सप्ताह' साजरा होतो, हे तिथे एकीने सांगितलं. सर्वांनी ती कल्पना उचलून धरली. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशासाठी तसा सप्ताह जाहीर केला आणि 1987 पासून त्याचा महिना झाला. त्या कार्यशाळेतून कुणाला नोकरी लागली की नाही, हा प्रश्न माझ्या मनात येत नाही.

दुसरी गोष्ट 1980 सालची. इंडियाना राज्यातल्या एका कृष्णवर्णीय शाळाशिक्षिकेने डार्लीन क्लार्क हाइन या कृष्णवर्णीय इतिहासकार बाईंना फोन केला. आमच्या राज्यातल्या काळ्या बायकांचा इतिहास तुम्ही लिहा, म्हणाली. हाइनबाईंनी आधी टाळलं. इतिहास असा मागणीवरून लिहून देता येत नाही, असंही सांगून पाहिलं. पण बायकांनी घराघरांतून पत्रं, फोटो, मंडळांच्या वह्या गोळा करून खोक्यांवर खोकी त्यांच्यापुढे ठेवली. 1981 मध्ये पुस्तक आलं. जो इतिहास कुठल्या ग्रंथालयात नव्हता, तो पलंगाखालच्या पेटीत होता. आणि त्याची किंमत विद्यापीठाआधी एका शिक्षिकेला कळली.

"ताई, हे सगळं ठीक आहे, पण नोकरी नको का?" बहिणीचा हा प्रश्न रास्त आहे. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापकीच्या जागा घटल्या त्या पुन्हा पहिल्यासारख्या वाढल्या नाहीत. पीएच.डी. होणारे जास्त, जागा कमी. अशा वेळी मुलाखतीत कसं बोलावं हे शिकवणं म्हणजे आमच्याकडे बेकार मुलींसाठी 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिर घेण्यातलाच प्रकार! कारखाना बंद पडलाय आणि दोष मुलीच्या बोलण्यात शोधायचा.

शिवाय, नुसत्या जागा मिळाल्या की बायकांचं भलं होतं असंही नाही. सिअर्स या बड्या दुकान-कंपनीचा खटला आठवा. कमिशनवरची, जास्त पैशाची विक्रीची कामं कंपनी बायकांना देत नाही, असं म्हणून सरकारच्या समान रोजगार संधी आयोगाने 1979 मध्ये दावा लावला. न्यायालयात दोन्ही बाजूंनी स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासकच उभ्या राहिल्या. रोझालिंड रोझेनबर्ग यांनी कंपनीच्या बाजूने सांगितलं की स्त्रियांच्या आवडी आणि अपेक्षाच पुरुषांपेक्षा वेगळ्या होत्या. अ‍ॅलिस केसलर-हॅरिस यांनी सांगितलं की संधी मिळाली तेव्हा बायकांनी ती घेतली आहे. 1986 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, 1988 मध्ये अपिलातही तोच टिकला. मला सगळ्यात बोचतं ते हे: मला ते काम हवं होतं आणि दिलं नाही, असं सांगणारी एकही बाई आयोगाने साक्षीला उभी केली नव्हती. आकडे होते, इतिहासकार होत्या. दुकानात काउंटरमागे उभी राहणारी बाई नव्हती. न्यायाधीशांनीही त्यावर बोट ठेवलं.

हे माझ्या धंद्यातलं दुखणं आहे. मी एम.एस.डब्ल्यू. आहे आणि आमच्या समाजकार्याच्या शिक्षणाचं मूळ अमेरिकेतच आहे. 1936 साली मुंबईत टाटांच्या नावाने समाजकार्याची संस्था निघाली तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन होते. त्याआधी ते नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. आम्हाला जेन अ‍ॅडम्स आणि शिकागोचं हल हाउस शिकवलं. त्या घरातल्या बायकांनी 1895 मध्ये आसपासच्या वस्तीतल्या मजुरीचे आणि लोकांच्या मूळ देशांचे रंगीत नकाशे छापले, हे मात्र मला शिकून झाल्यावर कळलं. म्हणजे अभ्यास त्यांनी केला, आणि आमच्या वर्गात त्या राहिल्या 'सेवाभावी'. एका चर्चासत्राला मला बोलावलं होतं ते "वस्तीतल्या दोन बायका अनुभवकथनासाठी घेऊन या" म्हणून. त्यांना दहा मिनिटं दिली. मग दिवसभर त्यांच्यावरच इंग्रजीत निबंध वाचले गेले आणि त्या शेवटच्या रांगेत बसून राहिल्या. परत येताना एकीने विचारलं, "ताई, आपलं काही चुकलं का?"

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परिषद घ्या, कार्यशाळाही घ्या. पण पत्रकातच पाळणाघराची सोय छापा, म्हणजे कुणाला विचारायची लाज वाटणार नाही. पगार नसलेल्यांचा प्रवासखर्च आधी द्या, पावत्या घेऊन तीन महिन्यांनी नको. पाच वर्षांची अट काढा. रात्रीच्या जेवणात जे ठरतं ते दिवसा, सभागृहात ठरवा. कामगार बायकांच्या इतिहासावर सत्र असेल तर त्यांच्या युनियनची बाई व्यासपीठावर बसवा आणि तिला निबंधवाल्यांइतकाच वेळ द्या.

बहिणीने हे वाचून नाक मुरडलं. मग आठवड्याने तिचा फोन आला. पुढच्या वर्षीच्या परिषदेच्या संयोजकांना तिने पत्र लिहिलं होतं, फक्त पाळणाघरापुरतं. सही एकटीची नव्हती; आणखी चौघींची होती, आणि त्यातल्या दोघींना मुलं नाहीत.