कॅमेरा आला, पण चित्रण ठेवणार कुठे?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया, एंडोस्कोपी, विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके. रुग्णालयात आता जागोजागी कॅमेरा आहे. खरेदीच्या वेळी मात्र चर्चा एकाच प्रश्नावर होते : एचडी घ्यायचा की फोर-के? माझ्या मते हा नंतरचा प्रश्न आहे. चित्रण कोणत्या स्वरूपात होणार आणि ते कुठे, किती काळ राहणार, हे आधी ठरायला हवे.

थोडे गणित करू. फुल एचडीच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर तासाभराचे चित्रण साडेपाचशे जीबीच्या पुढे जाते. एवढे कुठलाच साधा कॅमेरा साठवत नाही. तो चित्र आवळतो, म्हणजे कॉम्प्रेस करतो. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी आणलेल्या एव्हीसीएचडी या स्वरूपात सुरुवातीला कमाल वेग सेकंदाला २४ मेगाबिट होता. म्हणजे तासाला जेमतेम ११ जीबी.

ही बचत होते कशी? एक चौकट पूर्ण नोंदवायची आणि पुढच्या चौकटींत फक्त बदललेला भाग. दृश्य शांत असेल तर फरक कळत नाही. पण कॉटरीचा धूर उठला, रक्तस्राव झाला की सगळे चित्र एकदम बदलते. मेगाबिट अपुरे पडतात आणि पडद्यावर चौकोनी ठिपके दिसू लागतात. नेमका जो क्षण नंतर पाहायचा असतो, तोच पुसट होतो. म्हणूनच शस्त्रक्रियेला सर्वांत वरचा दर्जा निवडावा. व्याख्यानाला खालचा चालतो. फोर-केमध्ये बिंदू चौपट असतात. मेगाबिट तेवढेच ठेवले, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला पावच हिस्सा येतो. एच.२६५ सारखी नवी पद्धत साधारण निम्म्या जागेत तोच दर्जा देते, पण चौपटीची भरपाई तिनेही होत नाही.

दुसरी अडचण कार्डाची. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा जी फाइलव्यवस्था असते, तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. २४ मेगाबिटने चित्रण केले तर साधारण २४ मिनिटांनी नवी फाइल सुरू होते. दोन तासांच्या शस्त्रक्रियेचे निदान पाच तुकडे होतात. उतरवून घेताना एखादा राहिला, तर तो कोणता हे गरज पडल्यावरच कळते.

मिनी-डीव्ही कॅसेटच्या काळात चित्रण ज्यावर व्हायचे, त्यावरच ते राहायचे. नाव लिहून कॅसेट कपाटात गेली की काम संपले. कार्डाचे तसे नाही. उद्याच्या रुग्णासाठी ते आज पुसावे लागते. कार्ड ही पाणी वाहून आणायची कळशी आहे, साठवणीचा हौद नव्हे. तो हौद बांधण्याची जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी कुणाचीच नसते. मग कुणा निवासी डॉक्टरच्या फोनमध्ये प्रत उरते आणि तिथून ती व्हॉट्सॲपवर फिरते. तिथे ती आणखी आवळली जाते आणि रुग्णाचा खासगीपणाही धोक्यात येतो.

सरकारी रुग्णालयाला हे परवडेल का, असे विचारले जाते. रोज दोन तास चित्रण धरले तर ३०० दिवसांत साडेसहा टीबीच्या आसपास होते. एका मोठ्या हार्ड डिस्कवर ते मावते. दुसरी प्रत वेगळ्या खोलीत ठेवायला आणखी एक डिस्क घ्या. लॅप्रोस्कोपीच्या संचाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

चित्रण ठेवले तर उद्या ते डॉक्टरांच्याच अंगाशी येईल, अशी भीतीही ऐकू येते. उलट, मधलाच तुकडा गायब असलेले चित्रण अधिक संशय निर्माण करते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्यायची असतात. जपून ठेवायच्या चित्रणालाही निदान हाच मापदंड लावावा.

तेव्हा खरेदीच्या प्रस्तावातच चार ओळी वाढवा : चित्रणाचा दर्जा, दोन प्रतींची जागा, रुग्णाची लेखी संमती आणि रोज चित्रण उतरवून तपासणाऱ्या जबाबदार कर्मचाऱ्याचे पद. कॅमेऱ्याच्या मंजुरीवर सही त्यानंतरच व्हावी.