गाड्या परत गेल्यानंतर

सावित्री व गांधारी या नद्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावयास नको. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही तोच आकांत झाला. तळीयेस बाहेरची मदत पोचावयास दुसरा दिवस उजाडला, कारण रस्तेच पाण्याखाली होते.

पुढे मदतीस तोटा राहिला नाही. धान्य, चादरी, औषधे यांच्या गाड्या आल्या. (जुन्या कपड्यांचे ढीगही येतात, जे आपण स्वतः नेसणार नाही ते दुसऱ्यास देणे यास दान म्हणावे काय?) आमचे म्हणणे आहे ते त्या गाड्या परत गेल्यानंतरच्या दिवसांविषयी. वाचलेल्या कुटुंबांस तात्पुरता निवारा म्हणून लोखंडी कंटेनर मिळाले, आणि दोन वर्षे लोटली तरी कित्येक कुटुंबे त्यांतच होती. वैशाखात असा निवारा कसा तापत असेल, हे सांगण्यास पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाची गरज नाही.

घर उभारून दिले म्हणजे गाव वसले असे नव्हे. शेत किती दूर पडते, गुरे कोठे बांधावयाची, पेंढा व सरपण कोठे रचावयाचे, हे नकाशा आखण्यापूर्वी त्या माणसांसच विचारावयास हवे. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले. २०१७ मध्ये नवे गाव मिळाले, तो पहिल्याच पावसाळ्यात तेथील भराव खचला.

मदतीच्या यादीवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट येते, तेही विसरता कामा नये. यादी चावडीवर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते ही आपल्याच तालुक्यातील गावे जुलै २००५ मध्ये अशाच दरडींखाली सापडली होती. मग तळीयेपर्यंतची सोळा वर्षे कोठे गेली? पावसाळा आला की डोंगराखालच्या वाड्यांस स्थलांतराची नोटीस मिळते. परंतु गोठ्यातील म्हैस कोठे न्यावी हे त्या कागदात नसते, आणि म्हैस सोडून शेतकरी हलत नाही. आमच्या पालकांत औद्योगिक वसाहतीत काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी येत्या मे महिन्यात, आभाळ भरून येण्यापूर्वी, अशा एखाद्या वाडीस गुरांसह उतरता येईल एवढी एक शेड उंचावरच्या सुरक्षित जागी उभारून द्यावी. शाळेची मुले माती वाहावयास येतील.