संगणकाची नोंदवही आणि वैद्याचा विवेक

आमच्या बीबीसारख्या गावातील औषधी दुकानातही आता संगणकीय हिशेबप्रणाली आली आहे. दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हा दर एकदाच बदलून पुढील सर्व बिले बिनचूक निघाली. मुदत संपत आलेला साठाही ती वेळीच दाखविते. हे तिचे सामर्थ्य आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु गुळवेल, गुडूची व अमृता एकच, हे तिला ठाऊक नसते. तीन नावांनी नोंद झाली की घरात माल असूनही पुन्हा खरेदी होते. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते असे सांगितले आहे. प्रणाली मात्र वेष्टनावरील तारखेपलीकडे पाहत नाही. ती तारीख पाळणे बंधनकारकच आहे, पण तेवढ्याने रुग्णाला गुण येईलच असे नाही.

म्हणून व्यवसायबंधूंनी प्रत्येक द्रव्याचे एकच नाव निश्चित करावे आणि चूर्ण सिद्ध केल्याचा दिनांक स्वतंत्रपणे नोंदवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. प्रणाली विकणाऱ्यांकडेही आपण या दोन सोयी मागितल्या पाहिजेत.