घड्याळ सजवा, पण घरचा पत्ता वाटू नका

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ आपल्या मनासारखं करून घ्यायची हौस पुष्कळांना असते, आणि ती असावी. कोणाला चोवीस तासांची वेळ पाहिजे, कोणाला तारखेला लागून वार, कोणाला सेकंद. अमरावती-अकोल्याच्या दुकानदारांना, सेवा केंद्रवाल्यांना, घरी कॉम्प्युटर असलेल्या आईबापांना आणि पोट्ट्यांना माझं सांगणं एवढंच आहे: यातलं जवळजवळ सगळं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच आहे. त्यासाठी बाहेरून काही आणू नका, आणि घड्याळाच्या निमित्तानं स्वतःची माहिती कोणाला देऊ नका.

तत्काळ तिकिटाचंच घ्या. बडनेऱ्याहून मुंबईची गाडी पकडायची तर एसीचं बुकिंग सकाळी १० ला उघडतं, स्लीपरचं ११ ला. त्या मिनिटाला सेकंदाचा हिशेब लागतो. मग कोणीतरी म्हणतो, "भाऊ, सेकंदवालं घड्याळ टाकून दे ना," आणि फुकटच्या नावाखाली कुठलंतरी सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये येऊन बसतं. काहून? विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या 'पर्सनलायझेशन'मध्ये जा, 'टास्कबार' उघडा. त्यात 'टास्कबार बिहेविअर्स'खाली सेकंद दाखवायची चौकट आहे, तिथं टिक करा. विंडोज १० मध्ये घड्याळावर नुसतं क्लिक केलं तरी वर सेकंदासकट वेळ दिसते. त्याआधी 'डेट अँड टाइम'मध्ये 'सिंक नाऊ' दाबायला विसरू नका. आपलंच घड्याळ मागं असेल तर सेकंद दिसून उपयोग नाही.

फुकटच्या घड्याळाची भीती उगाच घालत नाही. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये स्क्रीनवर ठेवायची छोटी गॅजेट्स असायची. घड्याळ, हवामान, कॅलेंडर असं काहीबाही. जुलै २०१२ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनंच ती बंद करायला सांगितलं, कारण गॅजेटच्या वाटेनं दुसऱ्याला आपल्या कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. दिसायला घड्याळच, पण आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून घड्याळाचं एखादं ॲप लोकेशन, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर किंवा ईमेलनं लॉगिन मागत असेल, तर तिथंच थांबा. रसवंतीवाल्यानं ग्लास भरण्याआधी सातबारा मागितला तर आपण देऊ काय?

लोकेशनचं जरा नीट समजून घ्या. 'सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली' या पर्यायाला तुम्ही कुठं आहात ते कळावं लागतं. भारतभर वेळ एकच, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे. अकोला ७७ अंशाच्या जवळ, म्हणून तिथं सूर्य माथ्यावर यायला सरासरीनं बारा वाजून वीस-बावीस मिनिटं होतात. तरी अकोल्याचं घड्याळ आणि कोलकात्याचं घड्याळ एकच वेळ दाखवतं. मग टेबलावरून न हलणाऱ्या कॉम्प्युटरला रोज आपलं ठिकाण कशाला सांगायचं? तो पर्याय बंद करा आणि टाइम झोन एकदाच हातानं निवडा. हवामानाच्या विजेटचंही तसंच. मे महिन्यात अकोल्याचा पारा पाहायचा असेल तर विजेटमध्ये 'अकोला' टाइप करा. गावाचं नाव पुरतं, घराची जागा लागत नाही.

वेळ जुळवणं मात्र चालू ठेवा. त्यात तुमचं नाव किंवा मोबाइल नंबर जात नाही. वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला तुमच्या इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता तेवढा दिसतो. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते. तिचा सर्व्हर वापरायचा असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'इंटरनेट टाइम'मध्ये टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी हा पत्ता टाकता येतो.

आता सजावट. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन' उघडा आणि 'ॲडिशनल सेटिंग्ज'वर जा. 'टाइम'च्या पानावर 'शॉर्ट टाइम'मध्ये लहान एच असेल तर बारा तासांचं घड्याळ, मोठा एच केला की चोवीस तासांचं. 'डेट'च्या पानावर 'शॉर्ट डेट'मध्ये सुरुवातीला लहान डी तीनदा लिहिला की तारखेआधी वार येतो. रीजनल फॉरमॅट मराठी ठेवला असेल तर तो वारही मराठीत दिसतो. फक्त आधी दिवस आणि मग महिना हा क्रम मोडू नका. एक्सेल हाच क्रम धरून तारखा वाचतं. तो उलटा झाला तर ५ जूनची नोंद ६ मे होऊन बसते आणि हिशेबाचा घोळ होतो. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांनाही घड्याळाच्या सेटिंगमध्ये स्वतःचा फॉरमॅट लिहिता येतो.

त्याच 'टाइम'च्या पानावर एएम आणि पीएमच्या जागी आपली अक्षरं टाकता येतात. काहीजण तिथं स्वतःचं नाव टाकतात, काहीजण दुकानाचं. दिसायला झकास दिसतं. पण तोच कॉम्प्युटर फॉर्म भरायला वापरला जातो, अडचण आली की स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवला जातो, आणि त्याच्या कोपऱ्यात नाव, तारीख, वेळ सगळं एकत्र जातं. तिथं 'म.पू.' आणि 'म.नं.' लिहा, मराठीपण राहील आणि ओळख जाणार नाही. स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल तर कोपरा कापून पाठवा.

ज्यांची मुलं परदेशात आहेत ते 'ॲडिशनल क्लॉक्स'मधून आणखी दोन घड्याळं लावतात. सोय चांगली आहे. रात्री अवेळी फोन जात नाही. पण नावाच्या जागी मुलाचं किंवा मुलीचं नाव, कंपनीचं नाव घालू नका. घरात आलेल्या परक्याला बाण घड्याळावर नेला की सगळं वाचता येतं. 'टोरांटो', 'दुबई' एवढं पुरे.

सेवा केंद्रात आणि दवाखान्यात आणखी एक गोष्ट सांभाळा. तिथं स्क्रीन समोरच्या माणसाला अर्धीअधिक दिसतच असते. घड्याळाच्या वरच येणाऱ्या सूचनांमध्ये ओटीपी असतो, पेशंटचा मेसेज असतो, कोण्या कास्तकाराच्या कर्जाचा निरोप असतो. लॉक केलेल्या स्क्रीनवर मोठं घड्याळ राहू द्या, पण 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद करा. विंडोज १० मध्ये घड्याळावर क्लिक केलं की कॅलेंडरखाली दिवसाची कामं दिसतात. 'हाइड अजेंडा' दाबा. खुर्ची सोडताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायची सवय लावा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. गिऱ्हाइकाचा हा हक्क तुमच्या स्क्रीनवरही लागू होतो असं समजून वागा.

आणि घड्याळ रोज जुनीच तारीख दाखवत असेल तर 'घड्याळ दुरुस्त करणारं' सॉफ्टवेअर शोधू नका. लाइन गेली, कॉम्प्युटर बंद झाला, परत सुरू केल्यावर वर्षं मागं गेलेली दिसली, तर बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. सीआर २०३२ या नावानं तो मिळतो. तारीख चुकली की बँकेच्या साइटसुद्धा 'असुरक्षित' दिसू लागतात. अशा वेळी इशारा डावलून पुढं जाऊ नका. सेल बदला, वेळ जुळवा, मगच व्यवहार करा.

आज कॉम्प्युटर बंद करण्याआधी तीन कामं करून टाका: घड्याळाचं बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर काढा, लोकेशन बंद करून टाइम झोन हातानं निवडा, आणि लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद करा. दहा मिनिटांचं काम आहे, पैसा लागत नाही. शेजारच्या दुकानातही सांगा.