संत आणि सेंट

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचं गाव आहे. १६०८ साली रामनवमीला इथं सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. हाच नारायण पुढं समर्थ रामदास झाला. गाव मूळचं जांब. त्याला 'समर्थ' जोडलं गेलं ते या मुलामुळं!

आता समजा, या गावावर तुम्हाला इंग्रजीत निबंध लिहायचाय. 'संत रामदास' कसं लिहाल? 'सेंट रामदास' लिहून मोकळे व्हाल! संत आणि सेंट. अर्थ सारखा, उच्चारही जवळजवळ सारखा. म्हणजे एकावरून दुसरा आला असणार, हो ना?

तर नाही बरं का! ही सख्खी भावंडं नाहीत, नुसता चेहरा जुळतो.

आपला 'संत' संस्कृतातल्या 'सत्' या शब्दापासून आला. 'अस्' म्हणजे असणे. जे खरोखर आहे, खरं आहे, चांगलं आहे, ते सत्. सत्य, सत्संग, सद्गुरू ही सगळी त्याचीच माणसं. सज्जन म्हणजे सत् अधिक जन. रामदासांनी अखेरचे दिवस जिथं काढले, त्या परळीच्या किल्ल्याचं नाव काय? सज्जनगड! म्हणजे तिथंही 'सत्' आहेच.

इंग्रजी सेंटचं मूळ लॅटिन भाषेत. तिथला शब्द 'सांक्टुस', म्हणजे पवित्र ठरवलेला. त्याच घरातला एक शब्द मुंबईत लोकलच्या फलाटावर भेटतो. सांताक्रूझ! पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ 'पवित्र क्रूस'.

म्हणजे एक शब्द 'असणं' सांगतो, दुसरा 'ठरवणं'. वापरातही हा फरक दिसतो. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला सेंट म्हणण्याआधी त्याच्या आयुष्याची कसून चौकशी होते, चमत्कारांची छाननी होते आणि मग पोप तसं जाहीर करतात. मदर तेरेसा १९९७ साली वारल्या, त्यांना सेंट जाहीर केलं ४ सप्टेंबर २०१६ रोजी. आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये, नागासाकीला हुतात्मा झाले. त्यांना हा मान मिळाला १८६२ साली, तब्बल २६५ वर्षांनी! भारतात जन्मलेले ते पहिले सेंट. मराठीत त्यांनाही आपण संत गोन्सालो गार्सियाच म्हणतो.

आपल्याकडे मात्र असं जाहीर करणारी कचेरीच नाही. चोखामेळ्यांना हयातीत देवळाच्या आत जाऊ दिलं नाही. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करत. शेख महंमद तर मुसलमान. या तिघांना संत कोणी केलं? त्यांचे अभंग तोंडपाठ करणाऱ्या साध्यासुध्या माणसांनी!

मग निबंधात 'सेंट रामदास' लिहिलं तर चूक का? अगदी चूक नाही. अतिशय पुण्यवान माणूस, असाही या शब्दाचा अर्थ इंग्रजी कोशात असतो. पण नावाआधी पदवीसारखा लावला, की परदेशातल्या वाचकाला वाटेल, यांनाही पोपनीच सेंट केलं! त्यापेक्षा आधी नाव लिहा आणि मग सांगा, की हे सतराव्या शतकातले संतकवी, 'दासबोधा'चे कर्ते. किंवा सरळ 'संत' हाच शब्द रोमन अक्षरांत लिहा. गुरू, योग, पंडित हे शब्द इंग्रजीनं घेतलेच ना?

आता एक गंमत. सेंटचं छोटं रूप एस आणि टी या दोन अक्षरांचं. एसटी म्हटल्यावर आपल्याला लाल बसच आठवते! पण इंग्रजीत ही अक्षरं नावाच्या आधी आली तर सेंट, आणि नावानंतर आली तर बहुधा स्ट्रीट, म्हणजे रस्ता. आणि लग्नाला जाताना काका अंगावर मारतात ते सेंट? त्याचं स्पेलिंगच वेगळं, एस-सी-ई-एन-टी. त्याचा पुण्याशी काही संबंध नाही, फक्त वासाशी!

या आठवड्याचा अभ्यास: 'सत्' लपलेले आणखी पाच शब्द शोधा. आईबाबांनाही कामाला लावा. 'सत्तर' मात्र चालणार नाही हं!