शिखर शोधायचे तर उतारावर मोजा

मोटारीचे इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधताना एक प्रश्न हमखास येतो. झडपा योग्य क्षणी उघडतील ना? त्याचे उत्तर बहुधा दोन खुणा पाहून दिले जाते. क्रँकच्या दंतचक्रावर एक ठिपका, कॅमशाफ्टच्या दंतचक्रावर दुसरा. दोन्ही जुळले की टायमिंग बसले! माझ्या मते ही तपासणी नव्हे. खूण म्हणजे कारखान्यात कोणीतरी केलेल्या मोजमापाची आठवण. त्यानंतर साखळी ताणलेली असू शकते. कॅम हेडवर बसणारा असेल आणि हेड घासून सपाट केले असेल, तर कॅम क्रँकच्या किंचित जवळ येतो व टायमिंग मागे पडते. ठिपके मात्र जुळलेलेच दिसतात.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. समजा, क्रँकच्या चक्राला २० आणि कॅमच्या चक्राला ४० दाते आहेत. मग एका दात्याची चूक म्हणजे क्रँकचे तब्बल १८ अंश. इंजिन कदाचित सुरू होईल, पण त्याची ताकद जाईल. काही इंजिनांत तर उघडी झडप पिस्टनवर आपटून वाकेल.

म्हणून क्रँकला अंशांची तबकडी लावून मोजावे. पण तबकडीचे शून्य कोठे धरायचे? पिस्टन अगदी वर असेल तेथे, हे सोपे उत्तर झाले. खरी गंमत येथेच आहे. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून २०२३ साली निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी घ्या. तिच्या पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. माथ्यापासून क्रँक एक अंश फिरला तर पिस्टन मिलिमीटरचा शंभरावा भागही खाली येत नाही. ३० अंशांवर मात्र तोच एक अंश त्याला सुमारे ०.४ मिलिमीटर हलवतो, म्हणजे पन्नासपट! माथ्यावर डोळा लावून बसणारा फसणारच.

मग स्पार्क प्लगच्या भोकातून एक अडसर बसवतात आणि क्रँक हाताने, हलकेच, दोन्ही दिशांना फिरवतात. पिस्टन अडसराला टेकला की तबकडी वाचायची. एका बाजूला ३४ अंश व दुसऱ्या बाजूला २८ अंश आले, तर खरे शून्य ३४ च्या बाजूला ३ अंश सरकलेले आहे. कॅमच्या उंचवट्याचा माथाही असाच सापडतो. डायल गेजचा काटा कमाल उंचीच्या १ मिलिमीटर खाली असताना, चढताना आणि उतरताना, तबकडी वाचा. ८२ आणि १४२ आले तर मध्य ११२. उत्पादकाने १०८ दिले असेल तर कॅम ४ अंश उशिरा आहे. या वेळी क्रँक एकाच दिशेने फिरवावा, नाहीतर साखळीतील ढिलाई वाचनात शिरते. उंचवट्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील तर हा मध्य चालत नाही. तेव्हा झडप उघडण्याचे व मिटण्याचे अंश तपासावे लागतात.

ही युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम रेषा काढण्यासाठी शंकूभोवती वर्तुळ काढून, सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक जेथे वर्तुळाला स्पर्श करते ते दोन बिंदू जोडायला सांगितले आहेत. माध्यान्हीची सर्वांत आखूड सावली पकडण्याच्या खटाटोपात ते पडले नाहीत.

आपल्या प्रयोगशाळांत मात्र मुले अनुनादाचा सर्वांत मोठा आवाज नेमका कोठे येतो ते कानाने चाचपडत बसतात, आणि शेवटी पुस्तकातले उत्तर वहीत उतरवतात. माझे मत असे, की प्रत्येक शाळेत एक भंगारातले इंजिन आणि पुठ्ठ्याची तबकडी असावी. हात काळे होतील, ही तक्रार मी ऐकली आहे. होऊ द्यावेत. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या इंजिनात कॅमने उघडणाऱ्या झडपा नसतात, पण पिस्टनचा माथा शोधायला ते पुरेसे आहे. ठिणगी त्याच्या किती अंश आधी पडते तेही त्याच तबकडीवर मोजता येईल.